रहदारीच्या रस्त्यावर मुलांना सायकल चालवायला कसे शिकवावे

मराठवाड्यातील बहुतेक मुले कोणी न शिकवताच सायकल शिकतात. थोरल्या भावाची किंवा वडिलांची उंच सायकल घ्यायची, दांड्याखालून पाय घालून मैदानात फिरायचे, दोन-चार वेळा गुडघे फोडून घ्यायचे. एवढ्यावर तोल साधतो आणि शिक्षण पूर्ण झाले असे घरचे लोक समजतात. पुढे आठवीला शेजारच्या मोठ्या गावातील शाळेत नाव घातले जाते, मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात आणि तोवर केवळ वस्तीतल्या रस्त्यावर सायकल फिरवलेली मुलगी शाळेच्या पहिल्याच दिवशी एसटी, ट्रक, ट्रॅक्टर आणि काळी-पिवळी जीप धावणाऱ्या रस्त्याने एकटी निघते. तोल सांभाळणे आठवड्याभरात येते. रहदारीत सायकल चालवायला येण्यासाठी मात्र दोन-तीन महिने लागतात आणि तेवढा काळ कोणा मोठ्या माणसाने सोबत राहून शिकवावे लागते. हे शिक्षण क्रमाने कसे द्यावे, याची मांडणी पुढे केली आहे.

वयाचा विचार

सायकलीला परवाना लागत नाही. त्यामुळे मुलाला मुख्य रस्त्यावर केव्हा सोडायचे, हा निर्णय पूर्णपणे पालकांवर येतो आणि तो मुलाच्या हट्टावर किंवा शेजारचा मुलगा जातो म्हणून घेऊ नये. साधारण दहा वर्षांच्या आतील मुलाला समोरून येणारे वाहन दिसते, ते किती लांब आहे हेही बऱ्यापैकी कळते. पण ते किती वेगाने जवळ येत आहे, हे त्याला नीट ताडता येत नाही. हा हुशारीचा प्रश्न नाही. ती क्षमता वयानुसारच पक्की होते. म्हणून दहा वर्षांपर्यंत मुलाने रस्त्यावर मोठ्या माणसासोबतच असावे, दहा ते बारा या वयात ओळखीच्या आणि कमी वर्दळीच्या रस्त्यावर थोडे अंतर एकटे जाऊ द्यावे, आणि राज्यमार्गासारख्या रस्त्यावर बारानंतरच, तेही पुढे सांगितलेली परीक्षा घेतल्यावर सोडावे, असे माझे मत आहे.

सायकल आणि अंगावरचे साहित्य

‘पुढे दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी सायकल घेण्याची पद्धत सोडून द्यावी. सीटवर बसल्यावर ज्याचे पाय जमिनीला पोचत नाहीत, त्या मुलाला अचानक थांबता येत नाही आणि रस्त्यावरचे निम्मे कौशल्य वेळेवर थांबण्यातच आहे. सुरुवातीला दोन्ही तळपाय जमिनीवर टेकतील इतके सीट खाली ठेवावे; सराव झाल्यावर चवडे टेकतील इतके वर घ्यावे. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला साधारणपणे २० इंची आणि नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला २४ इंची सायकल बसते, परंतु वयापेक्षा उंची पाहून निवड करावी.

ब्रेकची दांडी मुलाच्या बोटांना सहज ओढता येते का, हे दुकानातच पाहावे. बहुतेक सायकलींवर उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा आणि डाव्या हाताचा मागच्या चाकाचा असतो. आपल्या सायकलीवर कोणता कशाचा आहे, ते मुलाला चाक उचलून दाखवावे. दर रविवारी हवा, ब्रेकचे रबर आणि चेन या तीन गोष्टी मुलाने स्वतः तपासाव्यात. आपल्याकडे बाभळीचे काटे सर्वत्र असल्याने हवा हळूहळू उतरत जाणारे पंक्चर नेहमीचेच आहे, आणि मऊ पडलेल्या चाकावर सायकल वळणात घसरते.

दप्तर किंवा डबा हँडलला अडकवू देऊ नये. वजन एका बाजूला पडले की हँडल हाताच्या आज्ञेत राहत नाही. दप्तर पाठीवर घ्यावे किंवा कॅरिअरला रबरी पट्ट्याने आवळून बांधावे. मुलींची ओढणी दोन्ही टोके मागे घेऊन कमरेला गाठ मारूनच असावी, कारण मागच्या चाकात गुंतलेली ओढणी मुलीला खाली पाडतेच, शिवाय गळ्यालाही फास बसू शकतो. सैल सलवारीचा पायचा चेनजवळ रबर लावून आवळावा. हेल्मेट सायकलीचेच घ्यावे. मोटारसायकलचे हेल्मेट जड असते, त्याने मुलाची मान अवघडते आणि आवाजही कमी ऐकू येतो. ते भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर बसावे, पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट असावा. आपल्या भागात सायकलस्वार हेल्मेट घालत नाहीत आणि मुलाला त्याची लाज वाटते, हे खरे आहे. तरीही सोबत जाणाऱ्या मोठ्या माणसाने स्वतः घातले तर ही अडचण बरीच कमी होते.

मैदानावरचा सराव

रस्त्यावर जाण्यापूर्वी चार गोष्टी मैदानावर पक्क्या झाल्या पाहिजेत. त्यासाठी शाळेचे पटांगण किंवा आठवडी बाजाराची जागा, बाजाराचा दिवस सोडून, उत्तम असते.

पहिली गोष्ट सरळ जाण्याची. चुन्याने सुमारे हातभर रुंदीचा तीस पावलांचा पट्टा आखावा आणि त्यातून हळू वेगाने बाहेर न जाता सायकल नेता आली पाहिजे. वेगात सरळ जाणे सोपे असते, खरी कसोटी हळू जाण्यात लागते. दुसरी गोष्ट थांबण्याची: ‘थांब’ म्हटल्याबरोबर दोन्ही ब्रेक एकदम, पण झटका न देता दाबून, डावा पाय टेकून थांबणे. केवळ पुढचा ब्रेक जोरात दाबल्यास सायकल उलटते आणि केवळ मागचा दाबल्यास चाक फरफटते. दोन्हींचा मेळ हाताला सवयीनेच कळतो, म्हणून हा सराव रोज व्हावा.

तिसरी गोष्ट मागे पाहण्याची, आणि सर्वांत जास्त वेळ तिलाच द्यावा. सायकलीला सहसा आरसा नसतो. उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे पाहताना नवख्या मुलाचे हात नकळत त्याच बाजूला वळतात आणि सायकल उजवीकडे, म्हणजे नेमकी मागून येणाऱ्या वाहनाच्या वाटेत सरकते. यावर उपाय असा: मूल सरळ रेषेत जात असताना पालकाने मागे उभे राहून हाताची काही बोटे वर धरावीत आणि मुलाने मागे पाहून किती बोटे आहेत ते मोठ्याने सांगावे. आकडा बरोबर आणि सायकलही रेषेवर, असे सलग दहा वेळा जमेपर्यंत रस्त्याचा विषय काढू नये. चौथी गोष्ट एका हाताने चालवून दुसऱ्या हाताने इशारा देण्याची. उजवीकडे वळताना उजवा हात आणि डावीकडे वळताना डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर धरावा, आणि वळण्यापूर्वी दोन्ही हात पुन्हा हँडलवर आलेले असावेत.

रस्ता आधी पायी पाहावा

ज्या रस्त्याने मूल शाळेला जाणार आहे, तोच रस्ता शिकवायचा आहे. त्यामुळे सायकल घरी ठेवून एका सकाळी त्या रस्त्याने मुलासोबत पायी जावे. वेडी बाभूळ वाढून वळण कोठे झाकले गेले आहे, रंग न मारलेला गतिरोधक कोठे आहे, पुलाचा कठडा कोठे तुटला आहे, वीटभट्टीचे किंवा खडी क्रशरचे ट्रक कोठून रस्त्यावर येतात आणि कोणत्या वस्तीवरची कुत्री अंगावर येतात, हे मुलाला सांगायला लावावे. आपण सांगितलेले मूल ऐकून सोडून देते. स्वतः शोधलेले त्याच्या ध्यानात राहते. शेवटी घरी येऊन मुलाकडून त्या रस्त्याचा कच्चा नकाशा काढून घ्यावा आणि जेथे उतरून चालायचे त्या जागांवर खुणा कराव्यात.

रस्त्यावर कोठून चालवायचे

डावीकडून चालवायचे हे सर्वांना ठाऊक असते, परंतु किती डावीकडून, हे कोणी सांगत नाही. मराठवाड्यात हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, कारण आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्यामुळे डांबराच्या कडा तुटतात, साईडपट्टी खचते आणि डांबर व माती यांच्यात अनेक ठिकाणी चार-पाच इंचांची पायरी तयार होते. अगदी कडेने चालवणाऱ्या मुलाचे चाक त्या पायरीवरून खाली गेले की ते घाबरून तिरके हँडल मारून वर येऊ पाहते. चाक कडेला घासते आणि मूल रस्त्याच्या मध्यभागी पडते. म्हणून डांबराच्या कडेपासून सुमारे दोन-अडीच फूट आत, सरळ रेषेत चालवायला शिकवावे. चाक खाली उतरलेच तर वर यायचे नाही, पॅडल थांबवायचे, ब्रेक हळू दाबायचा, मातीवरच थांबायचे, उतरून सायकल उचलून वर ठेवायची. ही कृती खचलेल्या साईडपट्टीवर रहदारी नसलेल्या वेळी मुद्दाम करून घ्यावी.

खड्डा चुकवण्यासाठी अचानक उजवीकडे सरकणे हे मोठ्या धोक्याचे आहे. नजर चाकापुढे न ठेवता वीस-पंचवीस पावले पुढे ठेवली तर खड्डा आधी दिसतो. तेव्हा आधी मागे पाहायचे, वाट मोकळी असेल तर सावकाश सरकायचे, नसेल तर वेग कमी करून थांबायचे किंवा खड्ड्यातूनच जायचे. सुगीच्या दिवसांत शेतकरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घालतात. त्या दाण्यांवर चाक घसरते, तेथे उतरून चालावे. रेल्वेचे रूळ तिरके ओलांडल्यास चाक खाचेत अडकते, म्हणून फाटकावर फाटक उघडे असले तरी उतरूनच पलीकडे जावे.

पहिल्या काही आठवड्यांत पालकाने दुसऱ्या सायकलीवर मुलाच्या मागे आणि किंचित उजवीकडे राहावे. त्यामुळे मागून येणारे वाहन आपल्याला पाहून बाजूने जाते आणि मूल आपल्या नजरेत राहते. मोटारसायकलवर बसून सूचना देणे उपयोगाचे नाही, कारण त्या वेगाला मुलाच्या अडचणी दिसत नाहीत. सूचनांचे शब्द आधी ठरवून घ्यावेत: ‘मागे गाडी’, ‘सरळ ठेव’, ‘थांब’, ‘उतर’. रस्त्यावर रागावू नये. ओरडले की मूल मागे वळून पाहते. जे बोलायचे ते सायकल थांबवून, डांबर सोडून बाजूला बोलावे.

उसाच्या ट्रॉल्या

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चपर्यंत किंवा त्यापुढेही चालतो. त्या काळात लातूर, धाराशिव, बीड, परभणी, जालना अशा ऊसपट्ट्यांतील रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, अशी वाहने दिवसरात्र चालतात. शाळेत जाणाऱ्या सायकलस्वाराला या वाहनांची माहिती स्वतंत्रपणे दिलीच पाहिजे.

उसाच्या भाऱ्यामुळे चालकाला मागचे काहीच दिसत नाही आणि इंजिनाच्या व टेपच्या आवाजात घंटी ऐकू जात नाही. मागची ट्रॉली सरळ रस्त्यावरही दोन्ही बाजूंना डुलते. वळणावर तर ती ट्रॅक्टरच्या चाकोरीतून जात नाही, आतल्या बाजूने कापत जाते. त्यामुळे ट्रॅक्टर आपल्यापासून लांबून गेला, आता मोकळे झाले, असे समजणाऱ्या मुलाला दुसरी ट्रॉली गाठू शकते. मागून असे वाहन येत असल्याचे कळताच सायकलीवरून उतरावे, डांबर सोडून साईडपट्टीच्याही बाहेर उभे राहावे आणि दोन्ही ट्रॉल्या गेल्यावरच पुन्हा निघावे. ट्रॉली पुढे असेल तर तिला ओलांडून जाऊ नये. निदान दहा-बारा सायकलींचे अंतर ठेवावे, कारण वरून मोळी सुटू शकते आणि मागे ब्रेकचे दिवे नसू शकतात.

समोरून ट्रॉली येत असेल तर वेगळीच काळजी घ्यावी लागते. तिला ओलांडण्यासाठी तिच्यामागची जीप किंवा मोटारसायकल आपल्या बाजूला येणार, हे धरूनच चालावे. मुलाला हे प्रत्यक्ष पाहू द्यावे: रस्त्याकडेला अर्धा तास उभे राहून येणाऱ्या ट्रॉल्यांमागून किती वाहने उजवीकडे बाहेर पडतात, ते त्याला मोजायला सांगावे.

आणि एक गोष्ट कितीही वेळा सांगावी लागली तरी सांगावी. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणे किंवा ट्रॉलीला एका हाताने धरून सायकल ओढून घेणे, हे खेळ मुले सर्रास करतात आणि मोठी माणसे कौतुकाने पाहतात. ट्रॉलीने गतिरोधकावर हिसका दिला की मूल थेट मागच्या चाकाखाली जाते. याबाबतीत घरात कोणतीही सवलत नसावी.

फाटा, चौक आणि महामार्ग

गावाचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तो फाटा ही सर्वांत धोक्याची जागा आहे. तेथे उतरून सायकल हातात धरून रस्ता ओलांडायचा, असा नियम करावा, आणि त्यामागचा हिशेब मुलाला समजावून सांगावा. सात मीटर रुंदीचा दुपदरी रस्ता सायकल ढकलत ओलांडायला सात-आठ सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर आणि ताशी ८० किलोमीटर वेगाचे सुमारे २२ मीटर जाते. म्हणजे तेवढ्या वेळात ते सव्वाशे ते पावणेदोनशे मीटर जवळ येते. त्यामुळे फाट्यापासून दोन्ही बाजूंना २०० मीटरवरची एकेक ठळक खूण, एखादे झाड, पाटी किंवा विहीर, पालकाने मोजून ठरवून द्यावी. अनेक मोठ्या रस्त्यांच्या कडेला दर २०० मीटरला लहान दगड रोवलेले असतात, त्यांचाही उपयोग होतो. वाहन खुणेच्या अलीकडे आले असेल तर थांबायचे, पलीकडे असेल तर निघायचे. वेगाचा अंदाज न येणाऱ्या वयात हा ठरीव नियम मुलाच्या कामी येतो.

फाट्यावर एसटी उभी असेल तर तिच्या पुढून किंवा मागून ओलांडू नये. गाडी निघून गेल्यावर दोन्ही बाजू दिसू लागतात, तोवर थांबण्याने काही बिघडत नाही.

उजवीकडे वळायचे असेल तर चौदा-पंधरा वर्षांच्या आतील मुलाने रहदारीच्या मध्ये जाऊन वळूच नये. चौक सरळ ओलांडून डाव्या कडेला थांबावे, उतरावे आणि पायी पलीकडे जावे. डावीकडे वळणाऱ्या ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. लांब वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात आणि मधली जागा चिंचोळी होत जाते. सिग्नलवरही बसच्या शेजारी न थांबता मागे, चालकाला आरशात दिसेल अशा ठिकाणी थांबावे. आपल्याला आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नसतो.

चौपदरी रस्त्यांनी नवी अडचण आणली आहे. धाराशिव, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गासारख्या रस्त्यावर दुभाजकातील मोकळी जागा दूरवर असली की मोठी माणसेही उलट दिशेने गाडी घालतात आणि मुले तेच शिकतात. उलट दिशेने जाणाऱ्या सायकलस्वाराला वाचवण्यासाठी चालकाला वेळच मिळत नाही, कारण दोघांचे वेग एकमेकांत मिळवले जातात. सेवारस्ता असेल तर त्याच रस्त्याने, नसेल तर भुयारी मार्गाने वळसा घालून जावे, आणि पालकाने स्वतः मोटारसायकलवर असतानाही हा नियम पाळावा.

शहरात वेग कमी असतो, पण वाहने कोठूनही येतात. छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडसारख्या रस्त्यापेक्षा वसाहतींमधून जाणारा लांबचा रस्ता निवडावा. लातुरात शिकवण्या सुटण्याच्या वेळी सायकली, स्कूटी आणि रिक्षा एकाच वेळी रस्त्यावर येतात. तेथे दहा मिनिटे थांबून निघणे शहाणपणाचे. उभ्या मोटारींपासून चार फूट अंतर ठेवावे, म्हणजे अचानक उघडलेले दार लागत नाही.

ऊन, पाऊस, अंधार

उन्हाळ्यात सकाळच्या शाळेच्या वेळी सूर्य खाली असतो. सूर्य आपल्या डोळ्यांवर येत असेल, तर मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांवर तो येत असतो आणि आपण त्याला दिसत नाही. आपली सावली पुढे पडत असेल, तर समोरून येणाऱ्याला दिसत नाही. पावसाळ्यात ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग आधीच कमी ठेवावा. काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यात बसून चाक जाम करते, तेव्हा कच्च्या रस्त्यावरून आल्यावर काडीने ती काढल्याशिवाय डांबरावर येऊ नये. पुलावरून पाणी वाहत असताना सायकल ढकलतसुद्धा नेऊ नये.

डिसेंबरात सहाच्या आतच सूर्य मावळतो. मागच्या मडगार्डवर लाल, पुढे पांढरी आणि पॅडलवर पिवळी चमकपट्टी लावावी, मागे लाल दिवा असावा, आणि शक्य असेल तर त्या दिवसांत अंधारापूर्वी घरी पोचेल अशीच वेळ शिकवणीकडून मागून घ्यावी.

एकटे सोडण्यापूर्वीची परीक्षा

मुलाने पूर्ण रस्ता मोठ्याने बोलत चालवावा: ‘पुढे खड्डा आहे, मागे पाहते, जीप आहे, थांबते.’ मुलाला काय दिसते आणि काय दिसत नाही, हे अशा बोलण्यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही. त्यानंतर काही दिवस शंभर पावले मागे राहून, एकही सूचना न देता सोबत जावे. फाट्यावर उतरणे मूल एकदाही विसरले नाही, मागे न पाहता एकदाही उजवीकडे सरकले नाही, तर ते तयार आहे. सुरुवातीला मैत्रिणींसोबत पाठवताना एकामागे एक चालवण्याची अट घालावी. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाणे, डबलसीट घेणे आणि कानात इअरफोन घालणे या तिन्ही गोष्टींना मनाई असावी.

कुत्रे मागे लागल्यास सायकल पळवू नये आणि कुत्र्याला लाथही मारू नये; वेग कमी करून उतरावे, सायकल कुत्रा आणि आपण यांच्यामध्ये धरावी आणि पाठ न दाखवता चालत राहावे. चावल्यास जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. अपघात झाल्यास १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते. हे क्रमांक आणि घरचा फोन नंबर मुलाला पाठ असावेत आणि दप्तराच्या आतही लिहिलेले असावेत. डोक्याला मार लागला असेल आणि उलटी, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ दिसत असेल, तर रक्त आलेले नसले तरी ताबडतोब दवाखाना गाठावा. आदळलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये.

जूनमध्ये शाळा सुरू होताना, पावसानंतर साईडपट्टी खचल्यावर आणि ऊसतोड सुरू झाल्यावर रस्ता प्रत्येक वेळी नवा होतो. त्या त्या वेळी पालकाने पुन्हा आठवडाभर मुलामागे सायकल घेऊन जावे.